‘पेनी लेन’ ते वुल्टन: बीटल्सच्या गाण्यांमधले लिव्हरपूल एका दिवसात कसे पाहावे

लिव्हरपूलला बीटल्स या १९६० च्या दशकातल्या चौघांच्या इंग्लिश पॉप चमूसाठी जाणाऱ्या बहुतेकांचा दिवस मॅथ्यू स्ट्रीटवर सुरू होतो आणि तिथेच संपतो. बीटल्स जिथे वाजवत त्या कॅव्हर्न क्लबच्या दारात एक फोटो, पिअर हेडला नदीकाठच्या त्यांच्या चार पुतळ्यांपुढे दुसरा, हातात एखादा छापील टी-शर्ट, आणि मग परतीची गाडी. या जागांना इतिहास आहे, यात शंका नाही; परंतु गाण्यांमध्ये त्या जवळजवळ कुठेच नाहीत. गाण्यांमधले लिव्हरपूल शहराच्या मध्यापासून पाच ते नऊ किलोमीटरवर, बसमार्गांच्या कडेने पसरलेल्या निवांत उपनगरांत आहे, आणि ते पाहायचे असेल तर एक अख्खा दिवस, मळले तरी चालतील असे बूट आणि थोडी पूर्वतयारी लागते.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका पर्यटन बसचे तिकीट काढले होते. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे थांबा, मार्गदर्शकाचे ठरलेले विनोद, आणि खिडकीतून दिसलेली घरे. दुसऱ्या खेपेस साध्या शहर बसने आणि पायी फिरलो, तेव्हा कुठे या गाण्यांचा भूगोल डोक्यात बसला. पुढे दिलेला क्रम त्या दुसऱ्या खेपेचा आहे.

निघण्यापूर्वी

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी, नाहीतर दिवसभर अपेक्षाभंग होत राहील. ही गाणी त्या जागी बसून लिहिलेली नाहीत. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ बीटल्सपैकी जॉन लेननने १९६६ च्या शरद ऋतूत स्पेनमधल्या अल्मेरिया इथे, चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी राहिलेला असताना रचायला घेतले. ‘पेनी लेन’ त्याचा गीतलेखनातला जोडीदार पॉल मॅकार्टनीने लंडनमध्ये लिहिले. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांमध्ये माहेराचे वर्णन सासरी बसून केलेले असते; तिथली वाट, आंबा आणि चिरेबंदी वाडा प्रत्यक्षात होते त्याहून मोठे होऊन ओवीत येतात. या गाण्यांचेही तसेच आहे. त्यामुळे गाण्यातली ओळ आणि समोरची वस्तू तंतोतंत जुळते का, हे तपासत बसण्याऐवजी, आठवणीने कुठे काय हलवले आहे ते पाहणे अधिक फलदायी ठरते.

तयारीचा पहिला भाग म्हणजे गाण्यांची यादी चालण्याच्या क्रमाने लावणे. माझा क्रम असा आहे: ‘इन माय लाइफ’, ‘पेनी लेन’, ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’, ‘व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर’, ‘प्लीज प्लीज मी’, ‘ज्युलिया’, ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ आणि शेवटी ‘एलिनॉर रिग्बी’. गाणे बसमध्ये, त्या ठिकाणी पोहोचण्यापूर्वी ऐकावे, आणि प्रत्यक्ष जागेवर कान मोकळे ठेवावेत. एकतर रस्ते वाहते आहेत. शिवाय तिथला आवाज ऐकू आला नाही तर जाऊन उपयोग काय?

‘इन माय लाइफ’ यादीत पहिले का, हेही सांगायला हवे. १९६५ मध्ये लेननने या गाण्याचा पहिला मसुदा लिहिला, तो मेनलव्ह ॲव्हेन्यूवरच्या त्याच्या बालपणीच्या घरापासून शहरापर्यंतच्या बसप्रवासाचा होता. त्यात पेनी लेन होती, चर्च रोड होता, घड्याळाचा मनोरा होता, ट्रामचे आगार होते, आणि गोदी कामगार जिला ‘डॉकर्स अंब्रेला’ म्हणत ती, तोपर्यंत पाडून टाकलेली उन्नत रेल्वेही होती. हे सगळे त्याला स्वतःलाच ‘माझी सहल’ छापाच्या शाळकरी निबंधासारखे वाटू लागले आणि त्याने एकूणएक स्थळनामे काढून टाकली. उरले ते आज आपण ऐकतो ते गाणे, ज्यात एकाही जागेचे नाव नाही. पेनी लेन हे नाव मात्र वाया गेले नाही. वर्षभरानंतर ते मॅकार्टनीच्या हातून परत आले.

तयारीचा दुसरा भाग आरक्षणाचा. लेनन आणि मॅकार्टनी यांची बालपणीची घरे नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहेत आणि ती आतून केवळ संस्थेच्या मार्गदर्शित फेरीतूनच पाहता येतात. फेरीतली माणसे मोजकी असतात, ती छोट्या बसने नेली जातात, आणि हिवाळ्यात घरे बंद असतात. म्हणून प्रवासाची तारीख ठरवताना आधी या फेरीची उपलब्धता पाहावी, मग रेल्वेचे तिकीट काढावे. उलट केले तर पस्तावण्याची वेळ येते. घरांच्या आत छायाचित्रे काढू देत नाहीत. फेरी मिळालीच नाही, तरी दोन्ही घरे रस्त्यावरून नीट दिसतात आणि खालचा क्रम तसाच वापरता येतो.

ऋतूचे म्हणाल तर मे ते सप्टेंबर उत्तम. जूनमध्ये रात्री साडेनऊ वाजेपर्यंत उजेड असतो, तर डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि शेवटचे ठिकाण असलेली दफनभूमी अंधारात शोधावी लागते. पाऊस कोणत्याही महिन्यात गृहीत धरावा. वाऱ्यात छत्री उलटी होते, त्यामुळे टोपी असलेले जलरोधक जाकीट बरे.

आदल्या संध्याकाळी शहरात

लंडनच्या यूस्टन स्थानकावरून लाइम स्ट्रीटला पोहोचायला साधारण सव्वादोन तास लागतात. आदल्या दुपारी पोहोचल्यास शहरातली ठिकाणे संध्याकाळीच उरकता येतात. लाइम स्ट्रीट हे नावदेखील ‘मॅगी मे’ या लिव्हरपूलच्या जुन्या लोकगीतात येते, जे बीटल्सने ‘लेट इट बी’ या ध्वनिमुद्रिकेत जेमतेम पाऊण मिनिट गायले आहे.

कॅव्हर्न क्लबबद्दल एवढेच जाणून जावे की बीटल्सने १९६१ ते १९६३ दरम्यान जिथे वाजवले ते तळघर १९७३ मध्ये बंद होऊन बुजवले गेले आणि आजचा क्लब १९८४ मध्ये काही जुन्या विटा वापरून, मूळ जागेचा काही भाग घेऊन नव्याने बांधलेला आहे. तिथून दोन पावलांवर, स्टॅनली स्ट्रीटवर, ‘एलिनॉर रिग्बी’ या गाण्यातल्या एकाकी बाईचा, बाकावर बसलेला कांस्य पुतळा आहे. तो टॉमी स्टील या गायक-अभिनेत्याने घडवला आणि १९८२ मध्ये बसवला गेला. शेजारी बसण्यापुरती जागा आहे, आणि संध्याकाळी तिथे क्वचितच कोणी एकटे बसलेले दिसते, हा विरोधाभास मला दर वेळी जाणवतो.

जेवणासाठी ‘स्काउस’ हा बटाटे आणि मांसाचा स्थानिक रस्सा मिळतो. शाकाहारी मंडळींनी ‘ब्लाइंड स्काउस’ मागावा, म्हणजे मांसाविना केलेला. मात्र रश्शाचे पाणी कशाचे आहे, हे विचारूनच घ्यावे.

सकाळ: पेनी लेन

सकाळी नऊच्या सुमारास शहराच्या मध्यातून ८६ क्रमांकाची बस पकडावी. ती स्मिथडाउन रोडवरून पेनी लेनच्या तिठ्याला येते आणि पुढे मॅदर ॲव्हेन्यूने जाते, म्हणजे पहिले दोन टप्पे एकाच मार्गावर पडतात. दिवसभराचा पास काढणे सोयीचे. बसमार्ग आणि क्रमांक बदलत असतात, तेव्हा आदल्या रात्री मर्सीट्रॅव्हल या स्थानिक वाहतूक संस्थेच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.

उतरल्यावर पहिला घोळ नावाचा होतो. पेनी लेन हा एक रस्ता आहे, परंतु स्थानिक लोक त्याच्या टोकाला असलेल्या, स्मिथडाउन प्लेसच्या सबंध चौकालाही तेच नाव देतात, कारण ट्राम आणि बस तिथे संपत आणि त्यांच्यावर तीच पाटी असे. गाणे रस्त्याचे नसून या चौकाचे आहे. चौकाच्या मधोमध असलेले बसचे छप्पर, कोपऱ्यावरची बँकेची इमारत आणि केशकर्तनालय, ही गाण्यातली तिन्ही ठिकाणे एका जागी उभे राहून मान वळवली की दिसतात. मॅकार्टनीच्या लहानपणी ते दुकान बायोलेटी या नावाचे होते. दुकानाचे नाव बदलले असले तरी तिथे आजही केसच कापले जातात. मी गेलो तेव्हा आत एक शाळकरी मुलगा मान खाली घालून बसला होता आणि बाहेर आम्ही सहाजण काचेतून त्याच्याकडे पाहत होतो. त्याच्या आईने आमच्याकडे पाहून हात हलवला. तिला याची सवय असावी.

आता गाण्यातला अग्निशमन दलाचा जवान शोधू लागाल तर तो इथे सापडणार नाही. त्याच्या केंद्राची इमारत मॅदर ॲव्हेन्यूवर, दीड-दोन किलोमीटर पुढे आहे. ऋतूंचेही तसेच. निळे आकाश आणि मुसळधार पाऊस एकापाठोपाठ येतात, आणि तबकातून पॉपीची फुले विकणारी परिचारिका म्हणजे तर थेट नोव्हेंबर, कारण पहिल्या महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ ही कागदी फुले त्याच महिन्यात विकली जातात. मॅकार्टनीने वर्षभराचे ऋतू एका तीन मिनिटांच्या गाण्यात बसवले आहेत. गाण्यासोबतचा चित्रपट पाहून आलेल्यांना आणखी एक सूचना: बीटल्स स्वतः त्यासाठी लिव्हरपूलला आलेच नव्हते. त्यांची दृश्ये पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डमध्ये आणि केंटमधल्या नोल पार्कमध्ये चित्रित झाली, इथली दृश्ये वेगळी घेऊन जोडली.

चौकातून पेनी लेन या रस्त्याने शेवटपर्यंत चालत जाऊन परत यायला पंचवीस मिनिटे पुरतात. वाटेत सेंट बार्नबस चर्च लागते, जिथे मॅकार्टनी लहानपणी समूहगायनात होता. रस्त्याच्या पाट्या इतक्या वेळा चोरीला गेल्या की पालिकेने नावे भिंतींवरच रंगवली. २०२० मध्ये हे नाव जेम्स पेनी या गुलामांच्या व्यापाऱ्यावरून पडल्याचा समज पसरून पाट्यांवर काळा रंग फासला गेला होता; शहरातल्याच आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालयाने तपासणी करून तसा पुरावा नसल्याचे सांगितले. पाट्यांवर सह्या करण्याची चढाओढ आजही चालू आहे. आपण त्यात भर घालू नये.

मॅदर ॲव्हेन्यू आणि फोर्थलिन रोड

पुन्हा ८६ ने निघून उजव्या-डाव्या दोन्ही खिडक्यांवर लक्ष ठेवले तर अग्निशमन केंद्राची इमारत दिसते. त्यासाठी उतरण्याची गरज नाही. उतरायचे ते फोर्थलिन रोडच्या तोंडाशी. मॅकार्टनीचे २० क्रमांकाचे घर पालिकेने भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या घरांच्या रांगेतले आहे, आणि शेजारच्या घरांपासून वेगळे ओळखू येईल असे त्यात काहीही नाही. मॅकार्टनी कुटुंब १९५५ मध्ये इथे राहायला आले; पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५६ मध्ये, पॉलची आई मेरी कर्करोगाने वारली. ती सुईण होती. ‘लेट इट बी’ मध्ये स्वप्नात येणारी मेरी ती हीच. चर्चमधली मेरी समजून ते गाणे ऐकणाऱ्यांना या दारापुढे उभे राहिल्यावर थोडे वेगळे वाटते.

पुढच्या छोट्या दिवाणखान्यात शाळा बुडवून आलेले दोन मुलगे, पॉल आणि जॉन, समोरासमोर बसत. एक डावखुरा आणि एक उजवा असल्याने दोघांना एकमेकांची बोटे आरशात पाहिल्यासारखी दिसत. ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’ इथे पूर्ण झाले, आणि ‘व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर’ ची चाल मॅकार्टनीने किशोरवयातच वडिलांच्या पियानोवर बांधली होती. आजूबाजूच्या घरांमध्ये माणसे राहतात. तिथे मोठ्याने बोलणे, कुंपणाला टेकणे किंवा खिडक्यांचे फोटो घेणे टाळावे.

मेनलव्ह ॲव्हेन्यू

फोर्थलिन रोडवरून लेननच्या घरी जाताना मॅकार्टनी गोल्फचे मैदान ओलांडून जात असे. आपण खेळणाऱ्यांच्या मधून न जाता नकाशा पाहून रस्त्याने वळसा घालावा. अर्धा-पाऊण तास लागतो. हे अंतर पायी जाण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण घरे, कुंपणे आणि बागा हळूहळू मोठ्या होत जातात ते बसमधून कळत नाही. कामगारवस्तीतले चार तरुण ही बीटल्सची लोकप्रिय प्रतिमा लेननच्या बाबतीत खरी नव्हे. लेनन जिथे वाढला ते २५१ मेनलव्ह ॲव्हेन्यू हे त्याच्या मावशी मिमीचे जोडघर चांगले मध्यमवर्गीय आहे: पुढे बाग, खिडक्यांना रंगीत काचा, आणि ‘मेंडिप्स’ असे स्वतःचे नाव. गिटारचा आवाज नको म्हणून मिमी मुलांना पुढच्या काचेच्या पडवीत पिटाळत असे, आणि त्या अरुंद जागेतला घुमणारा आवाज मुलांना आवडत असे. ‘प्लीज प्लीज मी’ याच घरातले. लेननच्या पत्नी योको ओनो यांनी २००२ मध्ये हे घर विकत घेऊन नॅशनल ट्रस्टला दिले.

हा रस्ता ओलांडताना सिग्नलचाच वापर करावा. दोन्ही दिशांच्या मार्गिकांमध्ये हिरवळीचा रुंद पट्टा आहे. पूर्वी तिथून ट्राम जाई. १५ जुलै १९५८ रोजी लेननची आई ज्युलिया बहिणीच्या या घरातून निघून बसथांब्याकडे जाण्यासाठी रस्ता ओलांडत होती, आणि पलीकडून आलेल्या मोटारीखाली सापडून ती गेली. जॉन तेव्हा १७ वर्षांचा होता. बँजोचे सूर लावून गिटारवर पहिली बोटे तिनेच फिरवायला शिकवली होती.

‘ज्युलिया’ हे गाणे मात्र इथले नाही. ते १९६८ मध्ये ऋषिकेशला, महर्षी महेश योगींच्या आश्रमात लिहिले गेले, आणि त्यातली बोटांनी तारा छेडण्याची पद्धत लेननने तिथेच डोनोव्हन या गायकाकडून शिकून घेतली. स्वर्गाश्रमापलीकडचा तो आश्रम, ज्याला चौऱ्यांशी कुटिया म्हणतात, आज राजाजी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असून २०१५ च्या अखेरीपासून तिकीट काढून पाहता येतो. ज्यांना लिव्हरपूलपर्यंत जाणे शक्य नाही, त्यांनी हे एक गाणे तिथे जाऊन ऐकावे.

स्ट्रॉबेरी फील्ड

मेनलव्ह ॲव्हेन्यूवरून बीकन्सफील्ड रोडला वळले की दहा मिनिटांत लाल लोखंडी फाटक दिसते. दगडी खांबांवरचे नाव नीट वाचावे: ‘फील्ड’, एकवचनी. अनेकवचन गाण्यातले. हे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचे अनाथालय होते. नगरच्या लोकांना ‘बूथ हॉस्पिटल’ मुळे आणि मुंबईकरांना कुलाब्याच्या वसतिगृहामुळे ही संस्था परिचित आहे. १९३६ मध्ये सुरू झालेले अनाथालय २००५ मध्ये बंद झाले. मूळ हवेली तर १९७३ मध्येच पाडली होती. २०१९ पासून ही जागा लोकांसाठी खुली आहे: प्रदर्शन, बाग, उपाहारगृह आणि शिकण्यात अडचणी असलेल्या तरुणांसाठी रोजगार प्रशिक्षण. रस्त्यावरचे फाटक प्रतिकृती आहे. मूळ फाटक २०११ मध्ये काढून सुरक्षित ठेवले आणि आता आत बागेत उभे केले आहे. बहुतेक पर्यटक बाहेरच्या फाटकाचा फोटो काढून निघून जातात. त्यांच्यासारखी चूक करू नये.

उन्हाळ्यात इथे बागेतला मेळा भरे आणि साल्व्हेशन आर्मीचा बँड वाजू लागला की जॉन मावशीचा हात ओढत निघे. एरवी तो भिंतीवरून उड्या मारून आत खेळायला येई. बागेतल्या बाकावर बसून गाणे ऐकायला हरकत नाही. इथे मी माझाच नियम मोडतो. साधारण एका मिनिटानंतर लक्ष द्यावे. तिथे दोन वेगवेगळी ध्वनिमुद्रणे, वेगळ्या लयीची आणि वेगळ्या पट्टीची, निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनी अभियंता जेफ एमरिक यांनी फितीचा वेग बदलून एकमेकांना जोडली आहेत. पहिला भाग हलका, दुसरा जड आणि गढूळ. या दुसऱ्या भागात तारांचा एक झंकार वरून खाली ओघळत येतो. तो स्वरमंडलाचा आहे, आपल्या ख्यालगायकांच्या मांडीवर असते तेच स्वरमंडल, आणि ते बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनने छेडले आहे. वर्षभराने, जानेवारी १९६८ मध्ये, हाच हॅरिसन मुंबईत फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याचे संगीत ध्वनिमुद्रित करत होता, आणि त्यात बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची होती.

इथेच दुपारचे जेवण उरकावे आणि किमान दीड तास ठेवावा.

वुल्टन: सेंट पीटर्स चर्च

स्ट्रॉबेरी फील्डपासून वुल्टन गावाकडे चढण आहे. पंधरा-वीस मिनिटे धरावीत. इथल्या तांबूस वालुकाश्माच्या खाणीवरून आधी शाळेचे नाव ‘क्वारी बँक’ पडले आणि शाळेवरून लेननच्या पहिल्या चमूचे ‘क्वारीमेन’. शहरातले भव्य अँग्लिकन कॅथीड्रलही याच दगडाचे आहे. ६ जुलै १९५७ रोजी चर्चच्या जत्रेत क्वारीमेन वाजवत होते, आणि त्याच दिवशी रस्त्यापलीकडच्या सभागृहात १५ वर्षांच्या पॉलची १६ वर्षांच्या जॉनशी ओळख करून दिली गेली. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा ती वेळ टाळावी.

दफनभूमीत एलिनॉर रिग्बीचे नाव असलेली शिला आहे. ती एकटीची नाही; रिग्बी कुटुंबाची आहे, आणि सर्वांत वर आजोबांचे नाव आहे. एलिनॉर खाली येते: टॉमस वुड्सची प्रिय पत्नी, मृत्यू १० ऑक्टोबर १९३९, वय ४४. म्हणजे गाण्यातल्या एकाकी बाईसारखी ती नव्हती. मॅकार्टनीने सांगितलेली हकिकत अशी की एलिनॉर हे नाव एलिनॉर ब्रॉन या अभिनेत्रीवरून आणि रिग्बी हे ब्रिस्टलमधल्या एका दुकानाच्या पाटीवरून सुचले. ही शिला आपण लहानपणी नकळत पाहिली असेल, हेही त्याने मान्य केले आहे. जवळच मॅकेंझी या, गाण्यातल्या पाद्र्याच्या आडनावाचीही एक शिला आहे, त्यामुळे योगायोग म्हणणे अवघड जाते. मिमी मावशीचे यजमान जॉर्ज स्मिथ, ज्यांच्यामुळे लेननला लहानपणी वाचनाची गोडी लागली, तेही याच आवारात आहेत.

ओल्या गवतातून चालताना दुसऱ्यांच्या थडग्यांवर पाय पडू देऊ नये, आणि ही जागा आजही वापरात आहे हे विसरू नये. मी पोहोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. शिलेच्या पायथ्याशी काही नाणी, एक कोमेजलेला गुच्छ आणि पावसाने शाई पसरलेली, जपानी अक्षरांतली एक चिठ्ठी होती. एलिनॉरच्या नावाखाली एकच शब्द कोरलेला आहे, ‘निद्रिस्त’ अशा अर्थाचा, आणि त्याच्या खोबणीत पाणी साचलेले होते. गावातल्या मुख्य रस्त्यावरून शहराकडे जाणाऱ्या बस मिळतात. संध्याकाळी सहानंतर त्या विरळ होतात, म्हणून वेळापत्रकाचे चित्र सकाळीच फोनमध्ये काढून ठेवावे.